‘आवर’ म्हणजे नक्की काय?

मराठी घरात वाढलेल्या प्रत्येकाने ‘आवर’ हा शब्द दिवसातून चार वेळा तरी ऐकलेला असतो. सकाळी शाळेच्या वेळी ‘आवर’ म्हणजे तयार हो. खोलीत पसारा असेल तर तो उचल. दोन भावंडं हातघाईवर आली की ‘आवर’ म्हणजे स्वतःला रोख. गाडीवानाला ‘बैल आवर’ म्हटलं तर तो कासरा ओढतो. यातला कोणता अर्थ घ्यायचा हे आपण कधी विचारत नाही. बोलणारा कोण, वेळ कोणती आणि समोर काय पडलं आहे, यावरून ते कळतं.

पण हाच शब्द कोणी जादूचा मंत्र म्हणून उच्चारला, आणि ऐकणाऱ्याला तो पाळावाच लागणार असेल, तर? आमच्याकडे या प्रश्नावर एका शनिवारी रात्री दीड तास वाद झाला, आणि त्या वादात दीड वर्ष जपलेला एक योद्धा गेला.

आम्ही पाच जण गेली काही वर्षं दर शनिवारी दांडिया बाजारात माझ्या मावसभावाच्या घरी जमतो आणि ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतो. मावसभाऊ (मी त्याला दादा म्हणतो), त्याचा सोळा वर्षांचा मुलगा, माझी बायको, शेजारचा एक गुजराती मित्र आणि मी. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तीन छोट्या पुस्तिकांच्या रूपात तो बाजारात आणला. यात सोंगट्यांचा ठरलेला पट नसतो. प्रत्येक जण एक पात्र घेतो: योद्धा, चोर, जादूगार, देवाचा पुजारी. एक जण डंजन मास्टर होतो. आम्ही त्याला सूत्रधार म्हणतो आणि बहुतेक वेळा ते काम माझ्याकडे असतं. मी सांगतो, ‘समोर किल्ल्याचा दरवाजा आहे, पहारेकरी जागा आहे.’ खेळाडू आपलं पात्र काय करतं ते सांगतात. यश मिळेल की नाही याची शंका असली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. अशी गोष्ट महिनोन्‌महिने पुढे जाते.

नियमांचं पुस्तक जाडजूड आणि इंग्रजीत आहे. त्यातला मोठा भाग मंत्रांनीच व्यापला आहे. प्रत्येक मंत्राला किती अंतरावर, किती वेळ, कोणावर, हे सगळं दिलेलं असतं. ‘फायरबॉल’ टाकला की वीस फूट त्रिज्येच्या गोलातल्या प्रत्येकाला आठ फाशांइतकी इजा, मग त्यात आपले साथीदार का असेनात. अशा मंत्रांवर वाद होत नाहीत, कारण तिथे फक्त मोजायचं असतं. वाद होतात ते भाषेवर चालणाऱ्या मंत्रांवर.

‘कमांड’ हा त्यातला सगळ्यात साधा मंत्र. साठ फुटांच्या आतल्या कोणाला तरी एका शब्दाची आज्ञा द्यायची. त्याचं बचावाचं दान फसलं तर पुढच्या पाळीत त्याला ती पाळावी लागते. २०१४ च्या पुस्तकात उदाहरणादाखल पाच आज्ञा आहेत: जवळ ये, हातातलं टाक, पळ, लोटांगण घाल, थांब. दुसरा शब्दही वापरता येतो, पण तो ऐकून समोरचा काय करेल ते सूत्रधार ठरवतो. आणखी एक अट अशी की त्याला तुमची भाषा समजली पाहिजे.

आम्ही खेळ मराठीत खेळतो, त्यामुळे आमच्या जगातली सर्वांची सामाईक भाषा मराठी आहे. एल्फ लोकांची भाषा गुजराती ठरली, आणि शेजारचा मित्र अर्थातच एल्फ झाला. म्हणजे मंत्र इंग्रजी पुस्तकातला आणि आज्ञा मराठीत. गंमत इथून सुरू होते. ‘चल’ म्हटल्यावर पहारेकरी आपल्याकडे येईल की निघून जाईल? ‘बस’ म्हणजे खाली बस की पुरे कर? एक शब्द म्हणजे किती मोठा शब्द? आमच्या पुतण्याने एकदा ‘शस्त्रत्याग!’ अशी आरोळी ठोकली होती. समास हा एकच शब्द, असा त्याचा दावा. जुन्या आवृत्तीत याच मंत्राखाली एका शब्दाचं उदाहरण आहे: तो इंग्रजीत बहुधा नाम म्हणून वापरला जातो, म्हणून आज्ञा म्हणून लागू पडत नाही. माझ्या बायकोने नेमका तो दाखला काढला आणि शस्त्रत्याग हे नाम आहे, क्रियापद नाही, असं म्हणून त्याला गप्प केलं. दहावीनंतर व्याकरणाचा इतका उपयोग मी पाहिला नव्हता.

त्या शनिवारी मात्र प्रकरण हसण्यावारी गेलं नाही. दादाचा योद्धा जखमी होऊन दरवाजापाशी पडला होता, जेमतेम चार गुण शिल्लक. वर पहारेकऱ्याच्या हातात धोक्याच्या घंटेचा दोर. घंटा वाजली की तटावर तिरंदाज येणार हे सगळ्यांना माहीत होतं. पुतण्याच्या पुजाऱ्याने हात वर केला आणि मंत्र म्हटला: ‘आवर!’ मी पहारेकऱ्यासाठी फासा टाकला. पडले तीन. मंत्र लागला होता.

आता पहारेकरी काय करणार?

‘स्वतःला आवर, म्हणजे हात मागे घे,’ पुतण्या म्हणाला. बायको म्हणाली, ‘आमच्याकडे आवर म्हटलं की माणूस आधी पसारा उचलतो. हा आता चौकी झाडून काढेल.’ सगळे हसले. मग दादा हळूच म्हणाला, ‘हातात दोर असलेल्या माणसाला आवर म्हटलं तर तो दोरच ओढेल रे. गाडीवान कासरा ओढतो तसा.’

दीड तास वाद झाला तो यावर. तिन्ही अर्थ मराठीत खरे आहेत, शब्दकोश उघडून काही निकाल लागणार नव्हता. पुतण्याचं म्हणणं होतं की मंत्र त्याचा, तेव्हा अर्थही त्याच्या मनातला. शेजारच्या मित्राचं म्हणणं, मंत्र मन वाचत नाही. समोरच्याच्या कानावर शब्द पडतो आणि तो त्याला कळतो तसा पाळतो. म्हणून तर भाषा समजण्याची अट आहे. मला हे पटलं. विचार करायला वेळ नसलेल्या, दोर धरून उभ्या असलेल्या माणसाला ‘आवर’ म्हटलं तर तो काय करेल? मी दादाचा अर्थ घेतला. दोर ओढला गेला, घंटा वाजली. तिरंदाज आले. पुढे मरणाच्या दारातले तीन फासे उलटे पडले आणि दादाचा योद्धा गेला.

दादाने कागद दुमडून बाजूला ठेवला आणि चहा टाकायला उठला. पुतण्या मात्र बापावरच चिडला होता. ‘बाबा, मी तुला वाचवत होतो. तू त्या अर्थाबद्दल बोललाच नसतास तर?’ दादा म्हणाला, ‘मला तोच अर्थ आधी सुचला. तो लपवून ठेवून जिंकलो असतो तर पुढच्या वेळी तुझ्या काकाने दिलेला कोणता निकाल मी मान्य करायचा?’

मुलगा उठून आत गेला. पुढच्या शनिवारी तो खेळायला आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

असे वाद फक्त आमच्याकडेच होतात असं नाही. हा खेळ खेळणारे पन्नास वर्षं हेच करत आले आहेत. ‘ड्रॅगन’ नावाच्या मासिकात ‘सेज अ‍ॅडव्हाइस’ हे सदरच खेळाडूंच्या अशा शंकांसाठी चालत असे. पाचव्या आवृत्तीच्या काळात नियमांचे प्रमुख रचनाकार जेरेमी क्रॉफर्ड यांनी तेच सदर पुन्हा लिहायला घेतलं. नियम वाचण्याच्या तीन तऱ्हा त्यांनी सांगितल्या: लिहिला आहे तसा, लिहिणाऱ्याच्या मनात होता तसा, आणि मजा येईल तसा. तिन्ही तऱ्हा कधी एकाच उत्तराकडे नेतात, कधी नाही.

अदृश्य होण्याच्या नियमाचं उदाहरण घ्या. २०१४ च्या पुस्तकात अदृश्य माणसाला दोन फायदे वेगवेगळ्या ओळींत दिले होते. एक, तो दिसत नाही. दोन, त्याच्यावर वार करणाऱ्याला फासा अवघड जातो. आता समोरच्याने अदृश्य गोष्टी दिसण्याचा मंत्र घेतला असेल तर? कोणीही म्हणेल, दिसतो आहे म्हटल्यावर वार करायला कसली अडचण? पण शब्दशः वाचलं तर तो मंत्र फक्त पहिली ओळ रद्द करतो, दुसरी नाही. क्रॉफर्ड यांचाही निर्वाळा तसाच होता. अनेकांना तो पटला नाही. २०२४ च्या नव्या पुस्तकात मजकूर बदलला: ज्याला तुम्ही दिसता त्याच्यापुढे हा फायदा मिळत नाही.

मी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे ही पहिली तऱ्हा माझ्या रोजच्या ओळखीची आहे. संगणक लिहिलेलंच वाचतो. ‘तीन चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं बंद करा’ असं कागदावर असेल, तर तिसऱ्या चुकीला लगेच बंद करायचं की चौथा प्रयत्न आला की, हे आधी कोणीतरी ठरवावं लागतं. ते ठरवायला आम्ही बैठक घेतो. संगणकाच्या मनात काही नसतं, पण कागद लिहिणाऱ्याच्या मनात काहीतरी असतं आणि त्याला फोन करता येतो. खेळाच्या टेबलावर तशी सोय नाही. पुस्तक लिहिणारा अमेरिकेत, आणि ‘आवर’ हा शब्द तर त्याने ऐकलेलाही नाही.

मग उपाय काय? सगळं स्पष्ट लिहून टाकणं हा एक उपाय. २०२४ च्या पुस्तकाने ‘कमांड’बाबत तेच केलं. आता त्या पाच आज्ञांतूनच एक निवडायची, सहावी नाही. वाद संपला, पण ‘शस्त्रत्याग’ही संपलं. शिवाय यादी केली म्हणून पळवाटा बुजतातच असं नाही. हिरण्यकशिपूने वर मागताना यादीच केली होती: दिवसा नको, रात्री नको, घरात नको, बाहेर नको, माणसाकडून नको, पशूकडून नको. नरसिंहाने यादीतला एक शब्दही मोडला नाही. संध्याकाळ आणि उंबरठा तेवढे यादीबाहेर राहिले होते.

मला त्याहून जवळची वाटते ती सावित्रीची गोष्ट. सत्यवानाचे प्राण सोडून काहीही माग, असं यमाने सांगितलं. तिने आधी सासऱ्यांची दृष्टी मागितली, मग त्यांचं राज्य, मग वडिलांना शंभर मुलगे, आणि चौथ्या वेळी स्वतःला सत्यवानापासून शंभर मुलगे. यम ‘दिले’ म्हणून गेला. आता नवरा परत दिल्याशिवाय दिलेला शब्द खरा कसा होणार? इथे यमाला म्हणता आलं असतं की माझ्या मनात तसं नव्हतं. वर देणारा तोच, अर्थ लावणाराही तोच, आणि अडवायला कोणी नव्हतं. तरी त्याने शब्द पाळला. वटपौर्णिमेला आपण सावित्रीची हुशारी सांगतो. सूत्रधाराच्या खुर्चीत बसायला लागल्यापासून मला यमाचंही कौतुक वाटतं. ज्याच्या हाती निकाल आहे त्याने आपल्याला गैरसोयीचा अर्थ मान्य करणं सोपं नसतं.

दादाने त्या रात्री तेच केलं होतं, फक्त त्याच्या हाती निकाल नव्हता, जीव होता. मुलाला हे कोणी समजावून सांगितलं नाही. काम झालं ते माझ्या मावशीमुळे, म्हणजे त्याच्या आजीमुळे. दोन शनिवार नातू खोलीत बसून आहे हे पाहून तिने काय झालं ते विचारलं आणि सगळं ऐकून म्हणाली, ‘अरे, दोर हातात असलेल्याला ‘सोड’ म्हणावं. ‘आवर’ कशाला म्हटलंस?’

‘सोड’ हा शब्द त्याला सुचलाच नव्हता. त्याची शाळा इंग्रजी माध्यमाची, मित्र गुजराती आणि हिंदी बोलणारे. त्याची मराठी म्हणजे घरात कानावर पडणारी, आणि घरात त्याच्या कानावर सगळ्यात जास्त काय पडतं? ‘आवर.’ घाईत तोच शब्द तोंडी आला. मावशीने मग त्याला एका पानावर शब्द लिहून दिले: सोड, सरक, ऊठ, निघ, वाक, लोळ, आटप, फेक, थांब, वळ. प्रत्येकापुढे, हा कोणाला आणि कधी म्हणतात. तिसऱ्या शनिवारी तो ते पान घेऊन टेबलावर आला.

त्याच दिवशी आम्ही एक वही केली. पहिला नियम असा लिहिला: आज्ञा देणाऱ्याने फासा पडण्याआधी आपला अर्थ सांगायचा. तो अर्थ रोजच्या मराठीत चालणारा आहे असं टेबलावरच्या बहुतेकांना वाटलं, तर तोच धरायचा. दुसरा: आज एका बाजूला जो अर्थ मिळाला तो उद्या दुसऱ्या बाजूलाही मिळेल, शत्रूलासुद्धा. तिसरा: झालेला निकाल मागे फिरवायचा नाही, नवा नियम पुढच्या वेळेपासून. तिसरा नियम दादाने सुचवला. त्याचा योद्धा परत आणावा का, असं शेजारच्या मित्राने विचारलं होतं, त्यावर त्याचं हे उत्तर होतं. तोवर त्याने नवं पात्र तयार केलं होतं, एक म्हातारा गाडीवान.

वही भरत गेली. ‘सजेशन’ हा मंत्र त्यात चार पानं खाऊन बसला आहे. यात समोरच्याला एखादं काम सुचवायचं आणि तो ते करायला लागतो. जुना नियम एक-दोन वाक्यांचा होता, आणि सुचवणं वाजवी वाटलं पाहिजे अशी अट होती. वाजवी कोणाला, यावर जगभर वाद झाले. २०२४ मध्ये ‘वाजवी’च्या जागी ‘जमण्यासारखं’ आलं, आणि वाक्यांच्या जागी २५ शब्दांची मर्यादा. मर्यादा इंग्रजी शब्दांची आहे. ‘गो बॅक टू युवर हाउस अँड डोन्ट कम आउट अंटिल द रेन स्टॉप्स’ हे तेरा शब्द. ‘तुझ्या घरी परत जा आणि पाऊस थांबेपर्यंत बाहेर येऊ नकोस’ हे दहा. आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात, त्यामुळे मराठीत बोलणाऱ्या जादूगाराला जास्त माल भरता येतो. पुतण्याने दहा-बारा वाक्यं दोन्ही भाषांत लिहून मोजली आणि मराठीसाठी १८ शब्दांची मर्यादा सुचवली. तेव्हा जादूगार त्याच्या बाजूला होता, म्हणजे तोटा त्याचाच होता. आम्ही ती मंजूर केली. ‘कमांड’ मात्र एकमताने जुनाच ठेवला.

काही महिन्यांनी मी शत्रूच्या पुजाऱ्याकडून त्याच्यावर ‘कमांड’ टाकला. शब्द होता ‘खाली!’ आणि नियमाप्रमाणे आधी अर्थ सांगितला: खाली बस. पुतण्याचं बचावाचं दान फसलं. त्याच्यासमोर पूल होता आणि पाठीमागे सहा सैनिक. एक पाळी बसून काढणं म्हणजे पकडलं जाणं. बायकोने त्याच्या बाजूने मुद्दा काढला, की ‘खाली’ हे क्रियापद नाही. ‘शस्त्रत्याग’ आपण याच कारणाने नाकारलं होतं. मुद्दा चांगला होता. मी वहीत पाहिलं, त्याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. टेबल त्याच्याकडे पाहत होतं.

तो थोडा वेळ फासा हातात फिरवत बसला. मग म्हणाला, ‘नाही. शस्त्रत्याग असं कोणी कोणाला म्हणत नाही. पण मी कपाटावर चढलो की आजी ‘खाली!’ एवढंच म्हणायची आणि मी उतरायचो. ही आज्ञा आहे.’ त्याने आपल्या पात्राची सोंगटी आडवी केली. दादा काही बोलला नाही, फक्त वही त्याच्यापुढे सरकवली. वहीतला चौथा नियम पुतण्याच्या अक्षरात आहे: जो शब्द घरात आज्ञा म्हणून चालतो, तो खेळात चालेल.

यंदा तो इंजिनिअरिंगला दुसऱ्या गावी जाईल. तिथे नवं टेबल जमवायचं आणि सूत्रधार व्हायचं, असं त्याने ठरवलं आहे. वही मागून झाली आहे. मूळ आम्ही ठेवतो आहोत, त्याच्यासाठी झेरॉक्स काढली आहे, मावशीच्या शब्दांच्या पानासकट.